वृत्तपत्रांचा ऱ्हास आणि मराठी प्रमाण गद्य

छापील वृत्तपत्रांच्या ऱ्हासाची चर्चा सामान्यतः अर्थकारणाच्या अथवा राजकारणाच्या अंगाने होते. जाहिरातींचे उत्पन्न किती घटले, खप किती उतरला, सत्तेवर अंकुश ठेवणारी संस्था दुबळी झाली तर लोकशाहीचे काय होईल, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाला या घटनेची आणखी एक बाजू दिसते, आणि तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. मराठीत वृत्तपत्र हे बातमी पोहोचविण्याचे साधन तर होतेच, पण त्याबरोबरच ते प्रमाण गद्य घडविणारी, ते रोज तपासणारी आणि गावोगाव पोहोचविणारी संस्था होते. व्याकरण आणि शब्दकोश प्रमाणभाषेचे वर्णन करतात. तिचा नित्य व्यवहार मात्र दीडशेहून अधिक वर्षे मुख्यतः वृत्तपत्रांतून चालला. ही संस्था क्षीण होऊ लागली असता तिचे भाषाविषयक कार्य कोणाकडे जाते, की ते कोणाकडेच जात नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. ऱ्हासाचे स्वरूप

वृत्तपत्राच्या अर्थव्यवहारातील एक गोष्ट वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. तो अंकासाठी जी किंमत मोजतो तीतून पुष्कळदा कागदाचा आणि छपाईचाही खर्च भरून निघत नाही. विक्रेत्याचे कमिशनही त्या किमतीतूनच जाते. उरलेला खर्च, म्हणजे बातमीदार, उपसंपादक व मुद्रितशोधक यांचे वेतन, जाहिरातींच्या उत्पन्नातून भागतो. वाचकाला स्वस्तात मिळणारी बातमी अशा रीतीने जाहिरातदाराच्या पैशावर उभी असते. ही व्यवस्था टिकून राहण्याचे कारण एकच होते: विशिष्ट शहरातील ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातदाराला वृत्तपत्रासारखा दुसरा सोयीचा मार्ग नव्हता.

ऑनलाइन माध्यमांनी नेमका हा आधार काढून घेतला. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रेगलिस्ट’सारख्या सेवांनी प्रथम छोट्या जाहिराती, म्हणजे भाड्याची घरे, नोकऱ्या व जुन्या वस्तू यांच्या जाहिराती, वृत्तपत्रांकडून ओढून घेतल्या. पुढे गूगल व फेसबुक यांनी मोठ्या जाहिरातींचा ओघही आपल्याकडे वळविला. अमेरिकन वृत्तपत्रांचे जाहिरातींचे वार्षिक उत्पन्न २००५ च्या सुमारास सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२० मध्ये ते नऊ अब्जांच्या आसपास उतरले. डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ २००९ मध्ये बंद पडले. लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने २०१६ मध्ये छापील अंक थांबविला. १७०३ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्नाच्या ‘वीनर त्साइटुंग’ने २०२३ च्या जूनअखेर आपला छापील दैनिक अंक बंद केला.

भारतातील क्रम काहीसा निराळा आहे. पाश्चात्त्य देशांत वृत्तपत्रे घसरणीला लागली त्या काळात भारतीय भाषांतील वृत्तपत्रे वाढत होती. साक्षरतेचा प्रसार, रस्त्यांची सुधारणा आणि जिल्हावार आवृत्त्यांची योजना ही त्या वाढीची कारणे होत. मात्र २०१६ च्या सप्टेंबरात ‘जिओ’ची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले आणि ज्या नव्या साक्षर वर्गाच्या बळावर देशी भाषांची पत्रे वाढत होती तोच वर्ग थेट मोबाइलच्या पडद्याकडे वळला. २०१९ मध्ये आयात कागदावर दहा टक्के जकात बसली. पुढील वर्षी ती पाच टक्क्यांवर आणली गेली. त्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, करोनाची साथ आली. एप्रिल महिन्यात महाराष्ट्र शासनाने वृत्तपत्रांच्या घरपोच वितरणावर काही काळ निर्बंध घातला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सकाळची सवय अशा रीतीने अनेक घरांत प्रथमच खंडित झाली, आणि ती सर्वत्र पुन्हा जुळली नाही. मुंबईतील इंग्रजी पत्रांपैकी ‘डीएनए’चा छापील अंक २०१९ मध्ये व ‘मुंबई मिरर’चा दैनिक अंक २०२० च्या अखेरीस बंद झाला. प्रमुख मराठी दैनिके चालू आहेत. परंतु अंकाची पाने कमी करणे, पुरवण्या एकत्र करणे आणि संपादन-विभागातील माणसे घटविणे हे उपाय सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. भाषेच्या दृष्टीने यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, हे समजण्यासाठी मराठी वृत्तपत्र व मराठी गद्य यांचा संबंध पाहावा लागतो.

२. वृत्तपत्र आणि प्रमाण गद्याची घडण

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. कोश, वृत्तपत्र आणि व्याकरण ही तीन साधने अवघ्या पाच वर्षांत एकामागून एक निर्माण व्हावीत हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. छापखान्यामुळे एकच मजकूर एकाच रूपात दूरदूरच्या वाचकांसमोर जाऊ लागला होता, आणि त्यासाठी ‘कोणते रूप?’ हा प्रश्न सोडविणे भाग होते.

‘दर्पण’ हे इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत निघत असे. दोन्ही मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापले जात. या रचनेमुळे मराठी गद्यावर एक नवे कार्य येऊन पडले. बखरीचे गद्य पराक्रमाचे वर्णन करण्यास समर्थ होते, पत्रव्यवहाराचे गद्य राज्यकारभार चालविण्यास पुरेसे होते. परंतु अनोळखी वाचकाला दूरच्या घटनेची माहिती कारणांसह समजावून सांगणारे गद्य मराठीला नव्याने घडवावे लागले. १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी काढलेल्या ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ प्रसिद्ध झाली आणि त्या गद्याला युक्तिवादाची धार आली. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले व बहुजन समाजाचे प्रश्न छापील मराठीत आणले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. त्यातून आणि १८८८ च्या ‘सुधारक’मधून वादविवादाचे गद्य परिपक्व झाले.

प्रमाणभाषा ही एका वर्गाची मिरास होती हा आक्षेप योग्य आहे व त्याचा विचार पुढे केला आहे. परंतु ज्यांना सार्वजनिक जीवनातून वगळले गेले होते त्यांनीही हेच साधन हाती घेतले, ही गोष्ट विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. पहिल्याच्या शिरोभागी तुकारामांचे व दुसऱ्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरांचे वचन छापलेले असे. मराठी परंपरेवर आपला तितकाच अधिकार आहे, हे या निवडीतून स्पष्ट होत होते. प्रमाण गद्य ही सार्वजनिक व्यासपीठाची भाषा होती. तीत लिहिणे म्हणजे त्या व्यासपीठावर आपली जागा घेणे होय.

विसाव्या शतकाच्या मध्यात या गद्याला आणखी एक वळण मिळाले. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू केलेल्या ‘सकाळ’ने मतापेक्षा वृत्ताला प्राधान्य दिले. अग्रलेखाच्या पल्लेदार वाक्याशेजारी आता बातमीचे आखूड, माहितीपर वाक्य उभे राहिले. शासनव्यवहारातील शब्दही मुख्यतः वृत्तपत्रांच्याच वाटेने घरांत गेले. अर्थसंकल्प, विधेयक, वटहुकूम, चलनवाढ, महागाई भत्ता, पाणीटंचाई हे शब्द कोणी पाठ करून शिकले नाहीत; ते रोजच्या वाचनातून अंगवळणी पडले. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून पुढे आलेले दिनांक, महापौर यांसारखे शब्द रूढ झाले ते छापील व्यवहाराने उचलले म्हणून. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेल्या परिभाषेतील कोणते शब्द जगले व कोणते कोशातच राहिले, याचा निवाडाही बऱ्याच अंशी वृत्तपत्रांच्या टेबलावर झाला.

३. संपादन-विभागातील प्रक्रिया

प्रमाणीकरण हे काही अमूर्त तत्त्व नव्हे. ते ठरावीक माणसे ठरावीक वेळी करीत असलेले काम आहे. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बातमी पाठवी. उपसंपादक ती तपासून, कापून, शीर्षक देऊन अक्षरजुळणीस पाठवी. मुद्रितशोधक कच्चे मुद्रित मूळ मजकुराशी ताडून पाही. पान लागल्यावर ते पुन्हा एकदा डोळ्यांखालून जाई. अशा रीतीने एका बातमीवरून छपाईपूर्वी किमान तीन-चार जाणत्या नजरा फिरत.

या प्रक्रियेत बोलींचे प्रमाणभाषेत रूपांतर होत असे. विदर्भात ‘काम करून राहिला’, मराठवाड्यात ‘काम करायलाय’, कोल्हापूरकडे ‘काम कराय लागलाय’ असे बोलले जाते. छापताना या तिन्हींच्या जागी ‘काम करीत आहे’ असे येई. नागपूरचा मजकूर सावंतवाडीत आणि सावंतवाडीचा लातुरात विनासायास वाचला जाई तो या रूपांतरामुळे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेत ही परस्परसुगमता आपोआप राहत नाही. ती राखावी लागते.

उलट दिशेनेही देवघेव चाले. ऊसतोडणीच्या बातम्यांतून ‘मुकादम’, ‘पाचट’ आणि ‘कोयता’ हे शब्द शहरी वाचकाला कळले. नवरा-बायकोच्या जोडीने मिळून होणाऱ्या कामाच्या एककाला ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात, ही माहिती शब्दकोशापेक्षा वृत्तपत्रांच्या स्तंभांतूनच अधिक लोकांपर्यंत गेली असावी. ‘बोंडअळी’, ‘हुमणी’, ‘शेततळे’, ‘चारा छावणी’ यांचाही प्रवास असाच झाला. प्रमाणभाषेचा शब्दसंग्रह बोलींच्या पुरवठ्याने समृद्ध होत राहिला, आणि त्या पुरवठ्याची वाट तालुक्याच्या वार्ताहराच्या लेखणीतून जात होती.

लेखनपद्धतीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम ठरविले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली. उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘लोकांत’ यांसारख्या रूपांतील कोणता बिंदू ठेवावा व कोणता गाळावा याचे शिक्षण शाळेतून मुलांना मिळाले. शाळा सोडून कित्येक वर्षे झालेल्या प्रौढ वाचकाला मात्र ते देणारे साधन वृत्तपत्रच होते. रोजचा अंक वाचता वाचता त्याच्या डोळ्याला नवे रूप सवयीचे झाले. असा व्यापक बदल लवकर रुजविण्याचे सामर्थ्य असलेले दुसरे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते.

४. ऑनलाइन वृत्तलेखनाची काही भाषिक लक्षणे

वाचक ऑनलाइन आला तेव्हा वृत्तपत्रेही त्याच्यामागून तेथे गेली. आज बहुतेक दैनिकांची संकेतस्थळे आहेत आणि त्यांवरील मजकूर छापील अंकाहून कितीतरी अधिक आहे. परंतु तो मजकूर निराळ्या परिस्थितीत तयार होतो. छापील अंकाची वेळ रात्री एकदाच येते. येथे ती दर क्षणाला येते. छापील शीर्षक पूर्ण पान समोर असलेल्या वाचकासाठी लिहिलेले असते. ऑनलाइन शीर्षक इतर शेकडो शीर्षकांशी स्पर्धा करीत एकटेच फिरते, आणि त्यावर बोट टेकले गेले तरच त्याचे मोल होते. या परिस्थितीची चार लक्षणे भाषेत उमटलेली दिसतात.

पहिले लक्षण दर्शक सर्वनामाचे. ‘“या” जिल्ह्यात उद्या मुसळधार पाऊस’ अशा धाटणीची शीर्षके आता सर्वत्र आढळतात. मराठीत ‘हा, ही, हे’ ही सर्वनामे एक तर डोळ्यांसमोरच्या वस्तूकडे बोट दाखवितात किंवा आधी आलेल्या नामाकडे मागे वळतात. येथे समोर वस्तू नाही आणि आधी नामही नाही. नाम मुद्दाम लपविले आहे व सर्वनामाभोवती अवतरणचिन्हे घालून ते लपविल्याची जाहिरात केली आहे. सर्वनामाचे कार्य संदर्भ जोडण्याचे. तेच येथे संदर्भ तोडण्यासाठी राबविले जाते. याचा परिणाम निव्वळ व्याकरणापुरता राहत नाही. काढणी केलेले सोयाबीन ज्याच्या खळ्यावर उघडे पडले आहे त्या शेतकऱ्याला आपल्या जिल्ह्याचे नाव शीर्षकातच हवे असते. छापील अंकाच्या परंपरेत ते शीर्षकातच मिळत असे.

दुसरे लक्षण नपुंसकलिंगी व भूतकालवाचक रूपांचे. ‘केले, झाले, नेमके’ ही लेखी रूपे आणि ‘केलं, झालं, नेमकं’ ही बोलण्यातली. छापील गद्यात दुसरा प्रकार कथा-कादंबऱ्यांतील संवादापुरता, अवतरणापुरता किंवा ललित लेखनापुरता राखला जात असे. त्यामुळे ‘मंत्र्यांनी सांगितले’ हे वृत्तकर्त्याचे वाक्य व ‘मी सांगितलं होतं’ हे दुसऱ्याचे उद्गार यांतील भेद नुसत्या रूपावरूनही कळत असे. ऑनलाइन वृत्तात बोलण्यातले रूप सर्वत्र पसरले आहे. ही अशुद्धी नव्हे. जिवंत बोली लेखनात येणे हे स्वागतार्हही ठरेल. मात्र एकाच मजकुरात, कधी एकाच वाक्यात, दोन्ही रूपे कोणत्याही प्रयोजनाशिवाय मिसळलेली आढळतात तेव्हा ती निवड राहत नाही. मजकूर कोणी तपासलेला नाही, याचीच ती खूण असते.

तिसरे लक्षण अर्थांतराचे. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण; अधिकारी शंका घेणाऱ्यास खुलासा देतो, शिक्षक कठीण भागाचा खुलासा करतो. हिंदीत तोच शब्द गुपित उघड करण्याच्या अर्थी चालतो. ‘धक्कादायक खुलासा’ या रूढ होत चाललेल्या प्रयोगात मराठी शब्दाच्या जागी हिंदी अर्थ येऊन बसला आहे. ‘त्याला मदत केली’ ऐवजी ‘त्याची मदत केली’ हाही असाच प्रकार. भाषा परस्परांकडून घेतच असतात आणि स्वतः ‘खुलासा’ हा शब्दही मराठीने बाहेरूनच घेतला आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट आदानाची गती ही होय. वृत्तसंस्थेचा इंग्रजी किंवा हिंदी मजकूर यंत्राच्या साहाय्याने काही क्षणांत मराठीत येतो. ‘पोलिसांनी अटक केली’ याऐवजी ‘पोलिसांद्वारे अटक करण्यात आली’ असे वाक्य जन्म घेते. आणि ते थांबविणारा उपसंपादक त्या वाटेवर नसतो.

चौथे लक्षण मजकुराच्या अस्थिरतेचे. छापील अंकातील चूक छापीलच राहते. दुसऱ्या दिवशी तिची दुरुस्ती प्रसिद्ध होते आणि दोन्ही अंक संग्रही राहतात. ऑनलाइन मजकूर मागाहून बदलता येतो, आणि पुष्कळदा तो बदलल्याची नोंदही राहत नाही. लिखित भाषेचे बोलण्याहून वेगळेपण तिच्या स्थिरपणात असते. लिहिलेले वाक्य वाचकागणिक व वेळेगणिक बदलू लागले तर ते रूपाने लिखित आणि वृत्तीने मौखिक होते.

५. काही आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात व तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की, ज्या प्रमाणभाषेच्या रक्षणाची चिंता वाहिली जाते ती पुण्याच्या सुशिक्षित वर्गाच्या भाषेवर आधारलेली होती आणि तिने इतरांच्या बोलण्याला ‘अशुद्ध’ ठरविले. या आक्षेपात तथ्य आहे. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या उच्चारावरून माणसाची किंमत ठरविण्याची वृत्ती महाराष्ट्राला अपरिचित नाही. ऑनलाइन माध्यमांनी या बाबतीत खरोखर उपकार केले आहेत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांत लिहिणाऱ्यांना संपादकाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. त्यांचे लेखन आणि बोलणे हजारो लोकांपर्यंत जाते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आपल्या तालुक्याची बातमी त्याच दिवशी वाचता येते. बोलींच्या अभ्यासकाला तर ही अपूर्व संधी आहे. तथापि बोलींचे स्वातंत्र्य आणि सामाईक गद्याचे अस्तित्व या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. बोली बोलणाऱ्याला न्यायालयाचा निकाल, पीकविम्याची अट किंवा साथीच्या रोगाची सूचना समजून घ्यावयाची असते तेव्हा त्याला स्पष्ट, तपासलेले, सर्वांना समान असलेले गद्यच लागते. ते दुर्मीळ झाले तर ज्यांना इंग्रजीचा आधार घेता येतो त्यांचे फारसे अडत नाही. ज्यांना तो घेता येत नाही त्यांचेच अडते.

दुसरा आक्षेप असा की, सनसनाटी ही काही नवी गोष्ट नव्हे. हे खरे आहे. अच्युतराव कोल्हटकरांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या ‘संदेश’च्या चटकदार लेखनाने त्या काळच्या गंभीर वाचकांना धक्का दिला होता, आणि त्यातूनच मराठी वृत्तलेखनाला मोकळेपणा आला. परंतु ‘संदेश’चे शीर्षक कितीही भडक असले तरी त्याचा मजकूर त्याच पानावर, त्याच पैशात वाचकाच्या हाती असे. शीर्षकाने उत्सुकता वाढवावी आणि मजकुराने ती शमवावी हा करार तेथे मोडलेला नव्हता.

तिसरा आक्षेप असा की, छापील दैनिकांनीच १९९० नंतरच्या काळात, विशेषतः शहरी पुरवण्यांतून, इंग्रजीमिश्रित भाषेचा पुरस्कार केला. मग दोष ऑनलाइन माध्यमांना का द्यावा? हा आक्षेपही मान्य करावा लागतो. छापील ‘करण्यात आले’, ‘सूत्रांनी सांगितले’ या ठरीव प्रयोगांनी गद्याला आणलेला निर्जीवपणाही विसरता कामा नये. म्हणूनच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन छापील भाषा शुद्ध आणि ऑनलाइन भाषा भ्रष्ट असे नाही. प्रतिपादन इतकेच की, भाषेची रोजची जबाबदारी वेतन घेऊन वाहणारी माणसे ज्या संस्थेत होती, ती संस्था त्या माणसांना कमी करीत आहे, आणि नव्या व्यवस्थेत त्यांच्या कामाला अद्याप जागा मिळालेली नाही.

६. संग्रहाचा प्रश्न

भाषेच्या इतिहासाला आणखी एक धोका आहे. १८४८ मध्ये स्थापन झालेले पुण्याचे नगर वाचन मंदिर, १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालये यांमुळे जुनी वृत्तपत्रे पाहावयास मिळतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ मध्ये वृत्तपत्रांचा समावेश झाला आणि अंकाची प्रत निर्दिष्ट ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक ठरले. एखादा शब्द प्रथम केव्हा छापला गेला, त्याचा अर्थ केव्हा बदलला, हे अशा संग्रहांमुळे सांगता येते.

ऑनलाइन मजकुराची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. देवनागरीसाठी भारतीय मानक सांकेतिक संच १९९१ मध्ये ठरला आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश झाला. तरीही प्रारंभीची बरीच वर्षे मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरीत राहिली. अशा फॉन्टमध्ये अक्षराचे चित्र देवनागरी, पण आत साठविलेला संकेत रोमन अक्षराचा असे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे, आणि शोधयंत्राला तर त्यातला एकही मराठी शब्द सापडत नसे. पुढे संकेतस्थळे युनिकोडमध्ये आली. परंतु जुना मजकूर सर्वांनी रूपांतरित केला नाही, आणि नव्या रचनेत जुने पत्तेही बंद पडले. परिणामी १८४८ ची शतपत्रे आज वाचता येतात, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस संकेतस्थळावर आलेली बातमी पुष्कळदा वाचता येत नाही. ग्रंथप्रदान कायद्याची रचना छापील प्रतीभोवती झालेली असल्यामुळे या मजकुराच्या जतनाची हमी त्यातून मिळत नाही.

७. समारोप

कागद आणि संस्था या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतले की पुढचा विचार सुकर होतो. कागदाचे दिवस भरत आले असतील तर त्याबद्दल शोक करण्यात फारसा अर्थ नाही. ताडपत्र गेले, शिळाछापही गेली. उपसंपादनाचे व मुद्रितशोधनाचे काम मात्र कागदाशी बांधलेले नाही. ते मोबाइलच्या पडद्यासाठीही करता येते. त्यासाठी प्रत्येक वृत्तसंस्थेने आपली लेखनसंहिता प्रसिद्ध करणे, प्रकाशित मजकुरातील दुरुस्ती दिनांकासह नोंदविणे, यंत्राने केलेले भाषांतर जाणत्या माणसाच्या नजरेखालून घालणे आणि सर्व मजकूर स्थिर स्वरूपात ग्रंथालयांकडे सुपूर्त करणे, एवढ्या गोष्टी आवश्यक आहेत. यांपैकी शेवटच्या कामी विद्यापीठांचे भाषाविभाग प्रत्यक्ष साहाय्य करू शकतील; आजच्या वृत्तभाषेचा संग्रह करून तिचा अभ्यास करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. या कामांना पैसा लागतो आणि तो कोठून यावा हा प्रश्न खराच आहे. वाचक, शासन की जाहिरातींचा ओघ आपल्याकडे वळविणाऱ्या कंपन्या, यांपैकी कोणी किती वाटा उचलावा हे समाजाने ठरवावयाचे आहे. पण खर्च कशासाठी करावयाचा हे आधी स्पष्ट असल्याखेरीज तो कोणीच करणार नाही.

मराठी वृत्तपत्रे यापूर्वीही बंद पडलेली आहेत. ‘दर्पण’ १८४० मध्ये थांबले. पण त्याचे काम पुढील वर्षी निघालेल्या ‘प्रभाकर’ने आणि नंतरच्या पत्रांनी पुढे नेले. १८४९ मध्ये निघालेले ‘ज्ञानप्रकाश’ शंभर वर्षांहून अधिक काळ चालून १९५१ मध्ये बंद झाले. तोवर ‘सकाळ’ व ‘लोकसत्ता’ उभे राहिले होते. प्रत्येक वेळी एक पत्र मावळले तेव्हा त्याची लेखणी उचलणारे दुसरे हजर होते, म्हणून पत्रे गेली तरी गद्य टिकले. या वेळी माध्यमच बदलत आहे, आणि लेखणी उचलणारा कोण, हे अजून ठरावयाचे आहे.